रिकॉम्बिनंट ह्युमन टीएनएफ-अल्फाची वायल एप्रिलच्या उन्हात आली, वापरायची का?

डाळिंबवाली
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. माझं पीएचडीचं काम डाळिंबाच्या सालीच्या अर्कावर चाललंय, इथेच सोलापुरात. आपल्याकडे डाळिंब किती पिकतं ते वेगळं सांगायला नको आणि साल सगळी फेकूनच देतात, पण त्या सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी पॉलिफिनॉल भरपूर असतात, तर त्या अर्काने टीएचपी-१ पेशींमधलं (माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट प्रकारच्या पेशी) इन्फ्लमेशन म्हणजे दाह कमी होतो का हे बघायचंय. त्यासाठी आधी पेशींमध्ये इन्फ्लमेशन आणावं लागतं म्हणून रिकॉम्बिनंट ह्युमन टीएनएफ-अल्फा (पेशींना दाहाचा निरोप देणारं माणसाचं प्रोटीन, जनुक दुसऱ्या जिवात घालून बनवलेलं) मागवलं, १० मायक्रोग्रॅमची वायल, ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं, कॅरियर-फ्री म्हणजे सोबत दुसरं प्रोटीन न घातलेलं. पार्सल पुण्याहून शुक्रवारी निघालं आणि शनिवार-रविवार कुरिअरवाल्याच्या गोडाऊनमध्ये पडून राहिलं, सोमवारी दुपारी हातात आलं. बाहेर ४३ डिग्री. थर्माकोलचा डबा उघडला तर जेल पॅक पार कोमट. बरं वायल उजेडाकडे धरून बघितली तर आत काहीच दिसत नाही, पावडर नाही, थर नाही, नुसती काच. वितरक फोन उचलत नाही. कंटिंजन्सीचे पैसे यातच गेलेत, दुसरी वायल या वर्षी मिळणार नाही. खराब झालं असेल का? आणि रिकामीच आलीय का? कुणी हाताळलं असेल तर सांगा की प्लीज.

पेशीवेडा
ताई आधी एक करा, झाकण उघडू नका. मी मूळचा आपल्याच जुळे सोलापूरचा, आता पुण्यात सेल कल्चरमध्येच दिवस जातो, अशा वायल खूप हाताळल्यात. रिकामी नाहीये ती. १० मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, तेवढं प्रोटीन सुकवल्यावर डोळ्याला दिसतच नाही. कॅरियर म्हणून बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेलं असलं तर पांढरट पापुद्रा दिसतो, कॅरियर-फ्रीमध्ये कधी तळाशी, कधी भिंतीला, कधी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेलं असतं. म्हणूनच उघडायच्या आधी मायक्रोफ्यूजमध्ये (छोटं सेंट्रिफ्यूज) अर्धा मिनिट फिरवून घ्यायचं, नाहीतर झाकणाबरोबर अर्धं प्रोटीन बाहेर जातं आणि कळतही नाही.

आता उन्हाचं. लायोफिलाइज्ड म्हणजे गोठवून सुकवलेलं आहे ना? मग एवढं घाबरू नका. प्रोटीन बिघडायला बहुतेक वेळा पाणी लागतं, पाण्यात ते उलगडतं, एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, प्रोटिएज असेल तर कापलं जातं. कोरडं असलं की हे सगळं फार हळू होतं. द्राक्ष उन्हात दोन दिवसात नासतं आणि बेदाणा वर्षभर टिकतो, तसं धरा. बऱ्याच कंपन्या लायोफिलाइज्ड सायटोकाइन (टीएनएफसारखी निरोप देणारी प्रोटीनं) सरळ साध्या तापमानाला पाठवतात आणि डेटाशीटवर तसं लिहितात. तुमच्या डेटाशीटवर शिपिंगच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि बॉक्सच्या आतलं सीओए (त्या लॉटचं तपासणी प्रमाणपत्र) फेकू नका, लॉट नंबर लागणार आहे. तोवर वायल तशीच उणे २० ला.

डाळिंबवाली
वाचलं दादा. शिपिंगला ॲम्बियंट लिहिलंय, आल्यावर उणे २० ते उणे ८०. शुद्धता एसडीएस-पेजवर (प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणारं जेल) ९५ टक्क्यांच्या वर. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातलं विष, दर मायक्रोग्रॅमला १ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) पेक्षा कमी. ॲक्टिव्हिटीला ईडी-५० की काय ते, एल-९२९ पेशींवर, ०.०५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी. जीव जरा भांड्यात पडला. पण ॲम्बियंट म्हणजे २५ डिग्री धरतात ना, ४३ नाही? आणि गोडाऊनच्या पत्र्याखाली तर त्याहून जास्त असणार.

चिंचोळी_क्यूसी
बरोबर पकडलंत मॅडम. ॲम्बियंट लिहिलंय म्हणजे पत्र्याखालचे दोन दिवस त्यांनी तपासलेत असं होत नाही. मी एमआयडीसीत क्यूसीला आहे, आमचं काम औषधातलं, पण नियम तोच, शंका आली की मोजायचं. आणि काय मोजायचं हे महत्त्वाचं. जेलवर चालवाल तर रिड्यूसिंगमध्ये १७ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास एक बँड दिसेल आणि वाटेल चला सगळं छान. पण टीएनएफ-अल्फा काम करतं तीन मिळून, १५७ अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या एकत्र येऊन ट्रायमर होतो तेव्हाच पेशीवरचा रिसेप्टर पकडला जातो. जेलमध्ये एसडीएस घालून तुम्ही तो ट्रायमर स्वतःच मोडता, त्यामुळे वायलमधलं प्रोटीन जिवंत होतं की मेलेलं हे जेल सांगूच शकत नाही. शिवाय १० मायक्रोग्रॅममधलं एखादं मायक्रोग्रॅम त्यात खर्च होणार. तेव्हा बायोॲसे म्हणजे जिवंत पेशींवरची चाचणी करा, एल-९२९ वरच करा म्हणजे डेटाशीटच्या आकड्याशी सरळ तुलना होते.

डाळिंबवाली
एल-९२९ तर उंदराच्या पेशी ना ओ? माझं प्रोटीन ह्युमन आहे.

चिंचोळी_क्यूसी
चालतं. टीएनएफचे रिसेप्टर दोन. ह्युमन टीएनएफ उंदराचा टीएनएफआर-१ पकडतं, टीएनएफआर-२ जवळजवळ पकडत नाही. एल-९२९ मरतात त्या पहिल्या रिसेप्टरमुळे, म्हणून ही ॲसे चालते. पण एकट्या टीएनएफने त्या पटकन मरत नाहीत, कारण तोच सिग्नल पेशीला एनएफ-कप्पा-बी या जनुकं चालू करणाऱ्या प्रोटीनमार्फत जगवणारी प्रोटीनं पण बनवायला लावतो. म्हणून सोबत ॲक्टिनोमायसिन-डी घालतात, साधारण १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, त्याने आरएनए बनणं थांबतं आणि मग मरायचाच सिग्नल उरतो. ते विषारी आहे, ग्लोव्ह्ज आणि हूडशिवाय हात लावू नका, उजेडापासून पण जपा. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी जिवंत उरलेल्या पेशी रंगाने मोजायला क्रिस्टल व्हायोलेट किंवा एमटीटी.

ईडी-५० चा हिशोब असा. ज्या डोसला निम्मा परिणाम दिसतो तो ०.०५ नॅनोग्रॅम, आणि एका मिलिग्रॅममध्ये १० लाख नॅनोग्रॅम, भागाकार केला की २ कोटी. म्हणजे मिलिग्रॅमला २ कोटी युनिटची स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी. तुमचा आकडा समजा ०.१ आला तर निम्मी उरलीय असं धरून डोस दुप्पट करता येईल, पण २ किंवा ५ आला तर त्या वायलवर पीएचडी उभी करू नका.

एल-९२९ नसतील तर पुण्याला एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) रिपॉझिटरीत मिळतात, टीएचपी-१ सुद्धा तिथेच. मागणीपत्र भरून पाठवायचं असतं.

जुना_मास्तर
इतकं छान बोलताय सगळे, मला राहवलं नाही. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवून निवृत्त झालो. हे टीएनएफ १९७५ साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर संस्थेत लॉइड ओल्ड यांच्या गटाने दाखवलं, जंतूंच्या अर्काने उत्तेजित केलेल्या उंदरांच्या सीरममध्ये कॅन्सरच्या गाठी मारणारा काहीतरी पदार्थ आहे असं. पण तो शुद्ध स्वरूपात हाती यायचा म्हणजे फार मारामारी, लिटरच्या लिटर कल्चर घेऊन हातात चिमूटभर. १९८४ मध्ये जेनेनटेक या कंपनीने मानवी जनुक क्लोन करून ई. कोलायमध्ये घातलं आणि मग जगभरच्या प्रयोगशाळांना तोच रेणू हवा तेवढा मिळायला लागला. त्याआधी १९७८ मध्ये त्यांनीच ई. कोलायमधून मानवी इन्सुलिन काढलं होतं, १९८२ ला ते औषध म्हणून मंजूर झालं. माणसाचं जनुक, कारखाना जिवाणूचा. वर्गात हे सांगताना मला दर वर्षी नव्याने आनंद व्हायचा आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायची.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो बाळ, ई. कोलायमध्ये बनवलेलं म्हणून कमी दर्जाचं असं समजू नकोस. कमी-जास्त काय ते रेणूवर असतं. मानवी टीएनएफच्या या विरघळणाऱ्या तुकड्याला काम करायला साखरेच्या साखळ्यांची गरज नसते, एकच डायसल्फाइड बंध, त्यामुळे जिवाणूचा कारखाना पुरतो. याउलट रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन घे. १६५ अमिनो आम्लं, नुसत्या प्रोटीनचं वजन १८ केडीए, पण चार ठिकाणी साखर लागते आणि वजन ३० च्या वर जातं. ती साखर नसेल तर शरीरातून ते लगेच निघून जातं. म्हणून ते सीएचओ म्हणजे चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयाच्या पेशींत बनवतात. ऑर्डर देताना एक्स्प्रेशन सिस्टिमचा रकाना त्यासाठी बघायचा.

सातरस्ता_७१
सर तुम्ही एरिथ्रोपोएटिनचं नाव घेतलं म्हणून विचारतो, मी या क्षेत्रातला नाही. आमच्या आईचं डायलिसिस चालू आहे आठवड्यातून दोनदा, हिमोग्लोबिन सारखं खाली जातं आणि डॉक्टर ईपीओचं म्हणजे एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन लिहितात. नेटवर रिकॉम्बिनंट ह्युमन ईपीओ म्हणून सर्च केलं की लॅबवाल्यांच्या कंपन्या दिसतात, शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर लिहिलेलं असतं. नाव तेच, माणसाचंच प्रोटीन, मग ते आणून देता येईल का? रागावू नका, खर्चाने माणूस काहीही विचार करतो.

पेशीवेडा
दादा रागवायचं काय त्यात, आईसाठी विचारताय. पण उत्तर ठाम नाही असंच आहे, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी लॅबची वायल आईला देऊ नका. त्या बाटलीवर फक्त संशोधनासाठी असं लिहिलेलं असतं. ती इंजेक्शनसाठी निर्जंतुक आहे याची हमी नसते, एंडोटॉक्सिनची मर्यादा पेशींच्या प्रयोगापुरती असते, आणि ९५ टक्के शुद्ध म्हणजे उरलेल्या ५ टक्क्यांत काय आहे ते तुमच्यासाठी कुणी तपासलेलं नसतं. आठवड्यातून दोनदा रक्तात जाणाऱ्या गोष्टीला हे चालत नाही.

ईपीओच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. मंजूर झालेल्या औषधातसुद्धा २००० सालाच्या आसपास एका ब्रँडच्या इंजेक्शनमधला स्टॅबिलायझर बदलल्यावर काही किडनीच्या रुग्णांच्या शरीरात ईपीओविरुद्धच अँटीबॉडी तयार झाल्या. त्या अँटीबॉडींनी बाहेरून दिलेलं तर अडवलंच, शरीर स्वतः थोडंफार बनवतं ते पण अडवलं, आणि लाल पेशी तयार होणंच थांबलं. एवढ्या तपासण्यांतून गेलेल्या औषधाचं हे झालं, मग लॅबच्या वायलचं काय.

तुम्ही असं करा, नेफ्रॉलॉजिस्टना सरळ विचारा की भारतात बनणारं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं) ईपीओ चालेल का, ते मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त पडतं. आणि आईचं फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासलंय का ते पण विचारा, शरीरात लोह कमी असेल तर ईपीओ कितीही दिलं तरी हिमोग्लोबिन चढत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून तुमचं कार्ड चालतं का बघा.

सातरस्ता_७१
लोहाचं कुणी बोललंच नव्हतं ओ. पुढच्या डायलिसिसला रिपोर्ट घेऊन विचारतो. लै उपकार झाले.

लष्कर_मायक्रो
मूळ विषयाकडे येते. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. डाळिंबवाली, तुझ्या डेटाशीटवरचा एंडोटॉक्सिनचा आकडा नुसता वाचून सोडू नकोस, तो तुझ्या डोसमध्ये बसवून बघ. प्रोटीन ई. कोलायमधून आलंय म्हणजे एलपीएस (तेच ते एंडोटॉक्सिन) थोडं का होईना सोबत येणार, आणि तुझ्या टीएचपी-१ पेशी एलपीएसलाही तशाच भडकतात. मग दिसलेला परिणाम टीएनएफचा की एलपीएसचा?

हिशोब कर. मायक्रोग्रॅमला १ ईयू, आणि १ ईयू म्हणजे ढोबळमानाने ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस. तू पेशींना १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर टीएनएफ देणार म्हणजे ०.०१ मायक्रोग्रॅम, त्यात ०.०१ ईयू, म्हणजे मिलिलिटरला १ पिकोग्रॅम एलपीएस. एवढ्याने काही होत नाही. पण हेच प्रोटीन जर कुणी मायक्रोग्रॅममध्ये देत असेल तर चित्र बदलतं, आणि तिथेच लोकांचे पेपर अडकतात.

तरी एक कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) ठेवच, खर्च काही नाही. थोडं टीएनएफ उकळून घे, ९५-१०० डिग्रीला अर्धा तास, आणि ते एका वेलमध्ये (प्लेटमधला खळगा) दे. उकळल्यावर टीएनएफ मरतं, एलपीएस मरत नाही, ते ऑटोक्लेव्हलाही नीट दाद देत नाही, काचेवरचं घालवायला २५० डिग्रीला कोरडं भाजावं लागतं. तर उकळलेल्या नमुन्यानेही पेशी भडकल्या तर समज की एलपीएस बोलतंय. टीएनएफला अडवणारी अँटी-टीएनएफ अँटीबॉडी कुणाकडे उरलेली असेल तर तो कंट्रोल त्याहून चांगला.

डाळिंबवाली
मॅडम हे कुणी सांगितलंच नव्हतं, उकळायचा कंट्रोल नक्की घेते. आता विरघळवायचं सांगा, उद्या करायचंय. मायक्रोलिटरने हात थरथरतोय आतापासून.

पेशीवेडा
हात थरथरू देऊ नका, सावकाश करा. वायल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गार असताना उघडलीत तर हवेतली वाफ आत जमते. मग फिरवा, मग उघडा. डेटाशीटने सांगितलंय तेच घ्या, निर्जंतुक पाणी की पीबीएस (खारं बफर द्रावण), मनाने बदलू नका. १० मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर घातलंत की ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक होतो. भिंतीवरून सोडा, वायल तिरकी करून सगळीकडे ओली करा, १०-१५ मिनिटं तशीच ठेवा. व्होर्टेक्सवर जोरात हलवणं अजिबात नाही, पिपेटने फेस काढायचा नाही, फेसात प्रोटीन उलगडतं.

त्यानंतर लगेच ०.१ टक्का बीएसए असलेल्या पीबीएसमध्ये थोडं पातळ करून छोटे छोटे भाग करा. कॅरियर-फ्री आणि पातळ प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं, लो-बाइंड ट्यूब असेल तर उत्तमच, पण बीएसए तरी हवंच. तुमच्या कामात बीएसएने काही अडत नाही, कुणाला अँटीबॉडी बनवायची किंवा प्रोटीनला डाय जोडायचा असेल तरच अडतं. एक भाग एका प्रयोगाला, उरलेला परत फ्रीझ करायचा मोह टाळा. ठेवायचं उणे ८० ला. आणि कृपा करून घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच्या फ्रीझरमध्ये नको, त्यात बर्फ साठू नये म्हणून मधूनमधून गरम करायची सोय असते, प्रत्येक वेळी तुमचं प्रोटीन अर्धवट वितळतं.

प्रमाणाची काळजी करू नका, १० नॅनोग्रॅमच्या डोसने ती एक वायल एक लिटर मीडियाला (पेशी वाढवायचं द्रावण) पुरते. ९६ वेलच्या प्लेटमध्ये वेलला १०० मायक्रोलिटर. बघा किती प्लेटा होतात.

चिंचोळी_क्यूसी
उन्हाळ्यात लाइट जाते त्याचं पण बघा. उणे ८० ला जनरेटरची लाइन आहे का विचारून घ्या, नसेल तर भाग दोन फ्रीझरमध्ये वाटून ठेवा. आणि पुढच्या वेळी वितरकाला ऑर्डरवरच लिहून द्या, सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवा, शुक्रवारी नको. आम्ही तर पुण्याहून काही नाजूक असलं की माणूसच पाठवतो, हुतात्मा एक्सप्रेसने संध्याकाळी निघाला की रात्री सोलापुरात.

डाळिंबवाली
मंडळी रिझल्ट आला. एल-९२९ शेजारच्या विभागात होत्या, त्यांनी एक फ्लास्क दिला. ॲक्टिनोमायसिनसोबत पातळ करत करत डोस दिले, क्रिस्टल व्हायोलेट केलं. वरच्या डोसच्या वेल जवळजवळ पांढऱ्या आणि खाली जाल तसा जांभळा रंग चढत गेलेला, प्लेट खिडकीपाशी धरून किती वेळ बघत बसले. ईडी-५० ०.०४ च्या जवळ आला, म्हणजे डेटाशीटच्या मर्यादेतच! उकळलेल्या नमुन्याच्या वेल कंट्रोलसारख्याच जांभळ्या. गाईडना दाखवलं, तेही खूश. आता टीएचपी-१ वर अर्क आणि टीएनएफ एकत्र घालून एमटीटी आणि टीएनएफचा एलायझा (प्रोटीन किती आहे ते मोजणारी चाचणी) लावणार.

पेशीवेडा
वा, फार भारी! वायल वाचली. पण एलायझा टीएनएफचा नको ताई, तुम्ही स्वतःच बाहेरून टीएनएफ ओतलंय, किट तेच मोजेल. आयएल-८ हे दुसरं सायटोकाइन मोजा, टीएनएफ दिल्यावर पेशी ते सोडतात.

लष्कर_मायक्रो
अभिनंदन गं! उकळलेल्या नमुन्याने एल-९२९ मेल्या नाहीत म्हणजे टीएनएफचा परिणाम खरा, पण एलपीएसचा प्रश्न तिथे सुटत नाही, तो कंट्रोल टीएचपी-१ वर परत लाव. आणि दोन गोष्टी आत्ताच थांबव. एमटीटी नको, पॉलिफिनॉल स्वतःच एमटीटीला रिड्यूस करून जांभळा रंग देतात, पेशी मेलेल्या असल्या तरी जिवंत दिसतील. करायचंच असेल तर पेशी नसलेल्या वेलमध्ये नुसता अर्क आणि एमटीटी घालून किती रंग येतो ते आधी बघ.

आणि अर्क आणि टीएनएफ एकत्र ओतू नकोस. प्युनिकॅलॅजिन हे टॅनिन आहे, टॅनिन प्रोटीनला चिकटतात, चामडं कमावतात ते त्याच गुणावर. वेलमध्ये अर्काने टीएनएफलाच धरून ठेवलं तर पेशीपर्यंत ते पोचणारच नाही आणि तुला वाटेल इन्फ्लमेशन कमी झालं. टीएचपी-१ ला पीएमए हे रसायन देऊन त्या प्लेटला चिकटल्या की पेशींना आधी अर्क दे, काही तासांनी मीडिया काढ, पीबीएसने धू, मग ताज्या मीडियात टीएनएफ दे. शेजारी एक रांग एकत्र घातलेली पण ठेव, दोन्हीत फरक आला तर तोच पेपरमधला एक आकडा होईल. अर्कातलं एंडोटॉक्सिन पण बघून घे, साली बाजारातून आणल्या असतील तर त्यावर जिवाणू असणारच.

डाळिंबवाली
साली केगावच्या बाजूच्या बागेतून आणल्या होत्या, धुवून सुकवल्या होत्या पण एलएएल म्हणजे एंडोटॉक्सिनची टेस्ट केलेली नाही. एकत्र घालायचं आज संध्याकाळीच होतं, थांबवते. मॅडम, धुतल्यानंतर टीएनएफ किती तास ठेवू, ६ की २४?

लष्कर_मायक्रो
आयएल-८ साठी दोन्ही ठेव पहिल्यांदा. एका प्लेटमध्ये बसतं.